सिपोरा सिस्टरचा दहावा माणूस

सिपोरा,

अकोल्याला मी अजून गेलेले नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना दर ओळीला "मंग, गेली का नाई?" असं विचारत बसणार नाहीस.

पत्राचं कारण दुसरं आहे. आपल्या महिला वाचनालयाचा अंक दिवाळीला निघतो, आणि नवी चिटणीस अपेक्षा माझ्या मागे लागली आहे. "मॅडम, सिस्टरांवर काही द्या ना. बुलडाण्यातल्या शेवटच्या ज्यू म्हणून." मी म्हटलं, ती आधी माझी शेजारीण होती, शेवटची बिवटची नंतर. दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा शोकसभेतलं भाषण झालं. सेवाभावी, मनमिळाऊ, हसतमुख. तू मनमिळाऊ कधीपासून झालीस? शेवटी फाडून टाकलं आणि ठरवलं, सरळ तुझ्याशीच बोलावं. बाकीच्यांनी शेजारी बसून ऐकावं. त्यांच्यासाठी तुला माहीत असलेल्या गोष्टीही सांगाव्या लागतील. तेवढं सोस.

तर, सिपोरा आवासकर. जन्म शेगावच्या रेल्वे क्वार्टरमधला. वडील हाणोक आवासकर, मालगाडीवर गार्ड. मूळ गाव अलिबागजवळचं आवास. तिथं तुमच्या बेने इस्रायल लोकांना शनिवार तेली म्हणत, कारण घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे. पण तू कोकण पाहिलंस ते चाळिशीनंतर. बोलणं अस्सल वऱ्हाडी. पहिल्यांदा माझ्या दारात आलीस तेव्हा म्हणालीस, "मास्तरीणबाई, तुमच्या नळाले पाणी येऊन राह्यलं का? माह्या नळाले काऊन नाई?" मी कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवत होते, तुझं आडनाव ऐकून कोकणस्थ ब्राह्मण समजले होते. तू सरकारी दवाखान्यात नर्स. देऊळघाटच्या निम्म्या पोरांची नाळ तू कापलेली, आणि त्यांच्या आया रस्त्यात तुला पाहून पोराला पुढं ढकलायच्या, सिस्टरच्या पाया पड म्हणून. तू म्हणायचीस, "पाया राहू दे, आधी त्याचं नाक पूस."

निवृत्त झाल्यावर तू शब्बाथ पाळायला लागलीस. शुक्रवारी दिवेलागणीला वात लावायची, आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत गॅसला हात लावायचा नाही. दुसऱ्याला "लाव" म्हणायलाही परवानगी नाही. मग तू ओसरीवर बसून म्हणायचीस, "आज लय गारठा हाय वं." मी समजायचे, आत जाऊन चहा टाकायचे. भर मे महिन्यातही तुला शनिवारी गारठा वाजायचा. इतकी वर्षं शेजार केला, पण तू माझ्याकडे सरळ असं काही मागितलंच नाहीस. एकदाच मागितलंस. त्याच्याकडे येतेच आहे.

दानिएल मामाची गोष्ट तू प्रत्येकाला सांगायचीस. भिशीत सांगायचीस, दवाखान्याच्या निरोप समारंभात सांगितलीस, माझ्या सुनेला ती लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सांगितलीस.

तू सतरा वर्षांची असताना वडील गेले. शुक्रवारी सकाळी. सूर्य मावळला की शब्बाथ लागतो, त्याच्या आत माती द्यायलाच हवी. आणि माती देताना मुलानं कदीश म्हणायचा. ती प्रार्थना म्हणायला दहा मोठे बाप्ये हजर लागतात. नऊ असतील तर नाही. बायका शंभर असतील तरी नाही. यावर आपण दोघी पुष्कळ भांडलो आहोत, ते इथं नको. भुसावळचे रेल्वेवाले आले, मलकापूरचा पोस्टातला एक आला, तुझा चौदा वर्षांचा भाऊ एलियास धरून (तुमच्यात तेरा पूर्ण झाली की बाप्या) नऊ झाले. दहावा दानिएल मामा, तुझ्या आईचा धाकटा भाऊ. अकोल्याच्या जिनिंगमध्ये नुकता फिटर लागलेला, शेगाव कधी न पाहिलेला. गजानन महाराजांचा प्रगटदिन तोंडावर. मामा गाडीतून उतरला तर सगळी गाडी उतरलेली, आणि सगळे एकाच दिशेला निघालेले, कुणाच्या हातात हार, कुणाच्या हातात नारळ. मामाला वाटलं, आपल्या गार्डसाहेबांच्या मयताला केवढी माणसं. तो त्यांच्यामागून गेला. खरं काय ते कळेपर्यंत रांगेच्या मधोमध, पुढं माणूस, मागं माणूस. सुटून घर शोधत आला तेव्हा दिवे लागले होते, माती देऊन झाली होती, आणि त्याच्या हातात कुणीतरी दिलेला नारळ होता. रात्रीच्या गाडीनं चार रेल्वेवाले ड्युटीवर परत गेले. दहा काही जमले नाहीत.

"मायनं तो नारळ पाह्यला," तू सांगायचीस, "अन् मामासंगं जे बोलणं सोडलं ते सोडलंच." इथं सगळे हसायचे. मीही हसायचे. पुढं तुझी आई आणि एलियास इस्रायलला गेले. तू नर्सिंगला लागली होतीस, मागं राहिलीस. निघताना आईनं अकोल्याला निरोपही धाडला नाही.

एलियासनं तिकडं कदीश म्हटला असेल, दरवर्षी म्हटला असेल. पण तुझं म्हणणं, कबरीपाशी म्हटला गेला नाही तो नाहीच. कबर शेगावच्या बाहेर, पंजाबरावांच्या वावरात. वावराला लागून रूळ आहेत. मालगाडी सिग्नलला थांबली की गार्ड आवासकर खाली उतरून पंजाबरावांशी गप्पा मारायचे, ओला हरभरा खायचे. तेवढ्या ओळखीवर त्या माणसानं निंबाखालचा कोपरा दिला. आता त्यांची सून विमलबाई दर पोळ्याला गोठ्याला चुना देते तेव्हा उरलेला कबरीच्या ओट्याला लावते.

निवृत्तीनंतर दरवर्षी मोठ्या सणांना तू मुंबईला जायचीस, तुमच्या एका जुन्या मशिदीत सेवा द्यायला. तुम्ही सिनेगॉगला मशीद म्हणता. वाचकांनी गोंधळू नये. तिथं काचेचे दिवे उतरवून धुवायचीस, तेल भरायचीस, म्हाताऱ्यांचं ब्लडप्रेशर बघायचीस. परदेशातून पाहुणे यायचे, आजी-आजोबांची गावं बघायला निघालेले, त्यांच्यासाठी एलियाहू हन्नबी या तुमच्या प्रेषिताच्या नावानं मलिदा करायचीस; भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वर फळं. मी इथं सगळ्यांना सांगायचे, आमच्या सिस्टर बघा या वयात कशी सेवा करतात. तू एकदा मला तोडलंस. "कायची सेवा वं? सौदा हाय तो. मी ताट पुढं करतो अन् इचारतो, तुम्ही बाप्ये किती हात? शेगावले येता का?"

तू बोलण्याच्या भरात "करतो, जातो" म्हणायचीस, इकडच्या बायकांसारखीच. तर, कुणी येत नव्हतं. मुंबई, अलिबाग, पुणे, अजिंठा, आणि परत. शेगाव कुणाच्या वाटेवर नव्हतं.

मग तीन हिवाळ्यांपूर्वी इस्रायलातल्या लोदचे मोर्देकाय आले. सत्तरीचे, लहानपणी पेणहून गेलेले, मराठी अजून तशीच कोकणी. त्यांनी मलिदा खाल्ला, तुझं ऐकलं आणि म्हणाले, "अजिंठ्याहून किती लांब गो? जाऊ. बापूस तो बापूस." तू त्या रात्री मला फोन केलास आणि नुसती हसत राहिलीस.

त्यांच्या गटाची बस बुलडाण्यात आली तेव्हा मी तुझ्याबरोबर चढले आणि पहिलं काम केलं, बोटानं बाप्ये मोजायला लागले. तू माझा हात खाली दाबलास.

"बोटानं नको मोजू. माणसं मोजत नाईत आमच्यात."

"मग दहा आहेत हे कळणार कसं?"

"दहा शब्दांचं एक वचन हाय. एकेकावर एकेक शब्द टाकत जायचा."

"म्हणजे मोजायचंच."

"हाव. पण देवाले समजू न देता."

दहा शब्द पुरले. एकही उरला नाही.

वावराशी बस थांबली. विमलबाईनं ओटा सारवून, चुना देऊन ठेवला होता. सगळे उतरले, निंबाकडे निघाले. एक जण बसपाशीच उभा. मोर्देकायांचा जावई एयाल, तरणा, दाढीवाला, घराणं येमेनकडचं. मला आधीच उशीर सोसत नाही. मी त्याला खुणेनं म्हटलं, चल. त्यानं मान हलवली. मला वाटलं, चिखलाला भितो आहे.

मोर्देकाय परत आले, त्यांचा चेहरा उतरला. "माझ्या ध्यानातच नाही आलं. तो कोहेन आहे. पुरोहिताच्या वंशातला. त्याला कबरस्तानात पाय घालता येत नाही."

 आयुष्यभर तू माणसं हेरलीस, गट हेरलेस, आकडा धरलास, आणि हे तुझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कसं येणार? तुम्हा बेने इस्रायलांत कोहेन नसतातच. आवासकर, पेणकर, सगळे सारखेच. नऊ निंबाखाली आणि दहावा गाडीवाटेवर. पुन्हा.

विमलबाई चहा घेऊन आली. "तो पोट्टा काऊन बाहीर उभा हाय? आमच्या वावराची बाट लागते का त्याले?"

"त्यांच्यात नेम आहे. तो कबरीजवळ येत नाही."

"मंग कबर त राहू द्या जाग्यावर. तुम्ही सगळे जा ना त्याच्यापाशी. म्हातारा का बहिरा हाय?"

मी मोर्देकायांकडे पाहिलं. ते म्हणाले, तसं चालतं. वाटेवर एकत्र उभं राहायचं, कबरीकडे तोंड करायचं. नऊ जण धुऱ्याच्या बांधावरून परत वाटेवर गेले. तू गेली नाहीस.

"सिपोराबाई, चला," त्यांनी हाक मारली.

"मी नाई येत. तुम्ही म्हना. मी हितंच उभी राह्यतो."

"इतक्या लांबून ऐकू येईल का?" मी म्हटलं.

"तू जा तिकडं. मले जागा नाई सोडायची."

मी गेले. मोर्देकायांनी तोंड उघडलं आणि मालगाडी आली. थांबावं लागलं. डबे संपता संपेनात; मी मनातल्या मनात रेल्वेला काय काय म्हणाले ते लिहीत नाही. शेवटचा डबा गेला, मग त्यांनी सुरू केलं. शब्द कळत नव्हते. दर थोड्या वेळानं वाटेवरचे सगळे "आमेन" म्हणत आणि त्यांच्या मागोमाग, एका श्वासाच्या अंतरानं, निंबाखालून तुझा एकटीचा आवाज येई. पांढऱ्या साडीचा पदर डोक्यावर घेऊन तू ओट्याला टेकून उभी होतीस, हात चुन्यानं भरलेले.

मग सगळ्यांनी हात धुतले, विमलबाईच्या अंगणात मलिदा खाल्ला. एयालनं दोनदा घेतला. तुझ्याकडे बघून काहीतरी म्हणाला. मोर्देकायांनी सांगितलं, तो माफी मागतो आहे. तू म्हणालीस, "त्याले सांगा, बाहीर उभ्या माणसाचा दोष नसते." मला तेव्हा ते नुसतं चांगुलपणाचं बोलणं वाटलं.

बस औरंगाबादकडे गेली, आपण एसटीनं परत निघालो. बोथ्याच्या जंगलात गाडी शिरली तेव्हा मी म्हटलं, "झालं ना मनासारखं? आता सुटलीस."

तू खिडकीकडे तोंड करून म्हणालीस, "मी फलाटावर नव्हती."

"कधी?"

"मायनं मले स्टेशनावर उभं केलं होतं. मामा येईस्तोर हालू नको म्हने. त्याले घर ठाऊक नाई. गाडी लेट. मले वाटलं, आता बाबाले झाकून टाकतीन, तोंड दिसणार नाई. मी पयत घरी गेली. पाह्यलं. वापस आली त गाडी निघून गेली होती, फलाट खाली. मी घरी सांगतलं, मामा उतरलाच नाई."

मी तिकिटाची सुरळी करत राहिले. 

"मंग तो नारळ घेऊन आला. मायनं इचारलं, पोरगी दिसली नाई का तुले? त्यानं माह्याकडं पाह्यलं. म्हने, उभी असंन, मीच नाई पाह्यलं." तू पदरानं नाक पुसलंस. "त्यानं एकदा पाह्यलं, बस. मरेस्तोर कोनाले बोलला नाई. अन् मी काय केलं? त्याचीच गोष्ट बनवली. लोकाईले हसवलं."

भिशी, निरोप समारंभ, माझी सून. मी ती गोष्ट माझ्या स्टाफरूममध्ये नेली होती, नकलेसकट. ते तुला तेव्हा सांगितलं नाही, आता सांगते.

जंगल मागं पडलं होतं, घाट चढून गाडी बुलडाण्याकडे लागली होती, तेव्हा तू मागितलंस. मामाची मुलगी फ्लोरा अकोल्यात होती, अजून आहे. शाळेत होती शिकवायला, आता एकटी राहते. नातेवाइकांत ती कायम दर्शनवाल्याची पोरगी. तिच्या लग्नातही कुणीतरी तेच काढलं होतं. "तिले जाऊन सांगतो. तोंडानं. फोनवर नाई. पण माह्यानं एकटीनं जाणं होत नाई. दारातूनच वापस येईन. तू चाल."

"जाऊ की," मी म्हटलं. "त्यात काय. उन्हाळा सरू दे."

उन्हाळा सरला. मग माझा मोतीबिंदू. मग पाऊस. मग मुलगा पुण्याहून आला, त्याला वांग्याची भाजी आणि भाकरी करून घालण्यात महिना गेला. तू आठवण करायची नाहीस. ओसरीवर बसून म्हणायचीस, "अकोल्याले म्हने आता नवीन गाडी सुरू झाली." मी समजायचे. शनिवारच्या गारठ्यासारखंच समजायचे. फरक एवढाच की उठत नव्हते.

एकदा निघालो. स्टँडवर आलो. तुझ्या पिशवीत फ्लोरासाठी नारळ होता. तू म्हणालीस, रिकाम्या हातानं कसं जायचं, आणि मग पिशवीचं तोंड घट्ट बांधलंस. अकोल्याची गाडी लागली ती दारापर्यंत भरलेली, कुठल्या तरी परीक्षेची पोरं. मी म्हटलं, "मी उभ्यानं अकोल्याला जाणार नाही. उद्या जाऊ." मागं दुसरी गाडी होती. फलकावर लिहिलेलं होतं, मी वाचलंही होतं. पण मला कंटाळा आला होता, ऊन लागलं होतं, आणि मला घरी जायचं होतं.  रिक्षात पिशवी माझ्या मांडीवर ठेवलीस, उतरताना ती माझ्याकडेच राहिली.

पौषात तू गेलीस. झोपेत. नर्सला शोभेल असं, कुणाला धावपळ नको.

तुझ्या मशिदीतून चार जण आले, तुझा भाचा, एलियासचा मुलगा, इस्रायलहून पोचू शकला नाही. तुला वडिलांशेजारी ठेवलं. दहा जमण्याचा प्रश्नच नव्हता. चौघांनी सांगितलं की कदीश मुंबईत मशिदीत म्हणू, आणि म्हटला. पण ते मला लिहायचं नाही. मला लिहायचंय ते असं, की आम्ही वावरात पोचलो तेव्हा ओट्याच्या बाजूला एक बाई आधीच येऊन बसलेल्या होत्या. बारीक, चष्मा, हातात काठी. विमलबाई त्यांना पाणी देत होती.

"मी फ्लोरा," त्या म्हणाल्या. "अकोल्याची. पहिल्याच गाडीनं आले."

"एवढ्या लवकर कशाला? त्रास झाला असेल."

"त्रास कसला. त्या वेळी आमच्या पपांमुळे आतोबांचा कदीश राहिला. ताईनं कधी बोलून दाखवलं नाही हो, उलट हसण्यावारी नेलं, एवढी मोठ्या मनाची. म्हटलं, आमच्या घरातलं एक माणूस तरी वेळेवर पोचू दे."

मी इतकी वर्षं वर्गात बोलले. मला बोलायला कुणी सांगावं लागत नाही. त्या वेळी मी त्यांना काय म्हटलं असेन? मी म्हटलं, "चहा घेणार का?"

त्या म्हणाल्या, बिनसाखरेचा.

नंतर मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. तू सांगितलंस तर ती कबुली. मी सांगितलं तर ती चहाडी, आणि तीही तुझं तोंड मातीखाली असताना. मग वाटलं, चहाडी तर चहाडी. त्या बाईंनी बापाची लाज वागवावी, आणि मी तुझा मोठेपणा जपत बसावं, हा कुठला न्याय? तू जिवंत असतीस तर दारात माझ्या मागं लपून का होईना, उभी राहिली असतीस. मला नुसतं शेजारी बसायचं होतं. तेवढंच काम होतं माझं, तिकीट काढायचं आणि शेजारी बसायचं.

आता हे सगळं लिहून झालं आहे. अपेक्षाला मी सांगितलं होतं, अकोल्याहून आले की मजकूर देते. कारण हे छापून फ्लोराबाईंच्या हातात पडायच्या आधी त्यांना तोंडानं कळायला हवं, तू म्हणाली होतीस तसं. तीनदा सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, छापखाना थांबून राह्यला. उद्या शेवटचा दिवस."

तुझा नारळ माझ्या फडताळात आहे. हलवला की आत गोटा वाजतो. अकोल्याची पहिली गाडी पहाटे सुटते आणि आज तिला गर्दी नव्हती. मी दूध आणायला गेले तेव्हा स्टँडवरून पाहिलं. पिशवी घरी होती. आता दुपार झाली आहे, अपेक्षा दारात उभी आहे, मजकूर तिच्या हातात देते आहे.